पाळण्याची लोकर

पोत्यात धुऊन पिंजलेली दहा किलो लोकर होती. शेजारी लाकडी पाळणा. पाळण्यात बाळाची शू बाहेर नेणाऱ्या दोन नळ्या, एक मुलाची आणि एक मुलीची. शिवाय रुमालात बांधलेले कापडाचे सात तुकडे, गावातल्या सात पिकल्या म्हाताऱ्यांच्या अंगावरच्या कपड्यांतून मागून आणलेले. बाळाचा पहिला सदरा त्या तुकड्यांचाच व्हायचा होता. पण पाळण्याची गादी काय किंवा सदरा काय, शिवायचं ते बाळ झाल्यावरच. आधी सुई लावली तर अपशकुन होतो, हे नारिन नदीच्या खोऱ्यात कुणाला सांगावं लागत नाही.

म्हणून सायराकुल नुसतीच मोजत होती.

तेहतीस वर्षं तिने गावच्या लोकरीच्या गोदामात लोकर जोखली होती. निवृत्त झाली तेव्हा तिथला हुकाचा काटा तिलाच भेट मिळाला. आता तो कोठीत टांगलेला असे आणि शेजारच्या दारावर ती खडूने आकडे लिही. जूनमध्ये तिने लिहिलं, दहा. ऑगस्टमध्ये काटा नऊ किलो सातशेवर थांबला. तिने पोतं उतरवलं, पुन्हा टांगलं. नऊ सातशेच.

ऑक्टोबरात नऊ किलो अडीचशे. उंदराची लेंडी नाही, कसर नाही, पोत्याला भोक नाही.

एरवी तिने एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण हा पाळणा मुलाच्या लग्नानंतर नऊ वर्षांनी माळ्यावरून उतरला होता. एप्रिलमध्ये तिने मुलाला, एर्किनला, सुनेच्या देखत सांगून टाकलं होतं, की यंदाच्या हिवाळ्यापर्यंत घरात पाळणा हलला नाही तर पेरिझातला तिच्या माहेरी पोचवायचं आणि दुसरी सून बघायची. एर्किनने मान खाली घातली. पेरिझातने सासूच्या कपात चहा ओतला, एक थेंबही सांडला नाही.

जूनमध्ये एर्किनने सांगितलं, तिसरा महिना लागलाय.

तेव्हापासून सायराकुलचा सूर बदलला. जड काही उचलू देईना. सुनेच्या पोटाला मात्र तिने हात लावला नाही. नऊ वर्षांनी आलेल्या पोटाला आपलीच दृष्ट लागायची, असं तिला वाटे. शेजारणी लावायला गेल्या तर त्यांनाही ती अडवी. आणि सुनेचं कौतुक तर किती सांगावं. रीतीप्रमाणे पेरिझात रोज सकाळी सासूसमोर गुडघ्यांवर हात ठेवून तीनदा वाकायची. नववा महिना लागला तरी तिने हे सोडलं नाही. चौकटीचा आधार न घेता सरळ वाकायची, सरळ उठायची.

"आमच्या वेळी सातव्या महिन्यात आम्हाला चपलेत पाय घालता यायचा नाही," शेजारीण बातमा म्हणाली. "तुझी सून हरणाच्या जातीची आहे की काय?"

"चांगल्या घरची आहे," सायराकुल म्हणाली.

डिसेंबरात काटा आठ किलो सातशेवर आला. एक किलो तीनशे ग्रॅम गायब. कोठीची किल्ली कुठल्या खिळ्याला असते हे घरातल्यांखेरीज एकट्या बातमाला ठाऊक होतं. आणि बातमा लोकर दाबून नमद्याचे गालिचे करून विकायची.

"लोकरीला पाय फुटत नाहीत, बातमा."

"मग तुझ्या काट्याला म्हातारपण आलंय. मालकिणीसारखं."

"काटा खोटं बोलत नाही. पाळण्याच्या लोकरीला ज्याने हात लावला, त्याचा हात झडेल."

पेरिझात चुलीजवळ कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

"एने," ती सासूला म्हणाली, "असं नका बोलू. बाळाच्या लोकरीवर शाप नको."

बातमा चहा अर्धा टाकून उठली. चाळीस वर्षांच्या शेजारात पहिल्यांदा. त्या संध्याकाळी पेरिझात जेवली नाही. सायराकुलने ओळखलं, दिवस भरत आले.

चारच दिवसांनी एर्किन बायकोला गाडीत घालून शहरात घेऊन गेला. वय चौतीस, पहिलंच बाळंतपण, आणि घाटात केव्हाही बर्फ पडेल. सायराकुल निघाली तर तो म्हणाला, तुझ्या गुडघ्यांना घाट झेपायचा नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला. मुलगी. तीन किलो चारशे. सायराकुलने शेळी कापली आणि गावभर पुऱ्या वाटल्या. बातमाचं दार तेवढं सोडून.

आठव्या दिवशी ते आले. पेरिझात गाडीतून उतरली, बाळ सासूच्या हातात दिलं आणि तीनदा वाकली. डोळे सुजलेले होते. दूध उतरलं नाही म्हणून एर्किनने दूधपावडरचे चार डबे आणले होते. कुणाकुणाला उशिरा उतरतं, सायराकुल म्हणाली, आणि नातीच्या टाळूचा वास घेत कितीतरी वेळ बसून राहिली. मग एर्किनने सामान आत नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुईदोरा घेऊन कोठीत गेली. गादीला सहा किलो पुरतील, उरलेल्यात रजई, असा तिचा हिशोब होता. पोत्याची गाठ तिने बांधली होती तशी नव्हती. सोडून पाहिलं. खालची लोकर मोकळी, फुललेली. वर मात्र एक गोळा होता, घट्ट दाबलेला, एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने कढईसारखा वाटोळा. त्याला घामाचा आणि पेरिझातच्या साबणाचा वास येत होता.

पलीकडच्या खोलीत बाळ रडलं. पेरिझात त्याला हलक्या आवाजात गप्प करू लागली.

सायराकुलने पोतं हुकाला टांगलं. दारावरचा शेवटचा आकडा होता आठ किलो सातशे. पोतं झुलायचं थांबेपर्यंत ती उभी राहिली.

दहा किलो.