सगळेच राजे

बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांच्या सणाला काही देशांत केकमध्ये एक अख्खा बदाम लपवतात, असं सिस्टरनी धर्मशिक्षणाच्या वर्गात रंगवून सांगितलं. ज्याच्या तुकड्यात बदाम निघेल तो दिवसभराचा राजा, आणि बाकीच्यांनी त्याचं मुकाट ऐकायचं. पण एकाला बदाम मिळाला की बाकीचे भोकाड पसरणार, हे सिस्टर पुरत्या ओळखून होत्या. म्हणून वर्गासाठी आणलेला केक कापल्यावर त्यांनी गुपचूप प्रत्येक तुकड्यात एकेक बदाम खोचला.

"मला मिळाला!" "अरे, मलापण!" वर्ग दणाणून गेला. सगळ्यांच्या डोक्यावर कागदी मुकुट चढले.

"पण सगळेच राजे, तर हुकूम कुणाला सोडायचा?" एका राजाने विचारलं. सगळे मुकुट एकदम सिस्टरकडे वळले.

आरडाओरडा ऐकून फादर आले, तर सिस्टर कोपऱ्यात तोंडावर बोट ठेवून उभ्या.

"अहो सिस्टर, हे काय?"

सिस्टरनी डोळ्यांनीच मुलांकडे खूण केली.



पहिल्या बाकावरच्या चिमुरड्या राणीने फादरना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "फादर, तुम्हाला बदाम मिळालाय? नाही ना? मग जा, सिस्टरच्या शेजारी उभे राहा."