पुढची रांग

पट्टा तुटला आणि फ्रांझचा ड्रम भर मिरवणुकीत रस्त्यावर आदळला. घरंगळत आला तो थेट शेजारून चालणाऱ्या नागेशकडे. नागेशचा डावा बूट त्याच्यावर धप्पकन बसला.

त्यानंतर नागेशने जे केलं ते विचार करून केलं नाही. सांगलीच्या शाळेत तो बँडपथकात होता. ते पथकही असंच रडतखडत चालायचं. चार ड्रम आणि पोचे पडलेलं एक बिगुल. पण वाद्याला पाय लागला तर गुरुदत्त मास्तर पुढचं पाऊल टाकू देत नसत. नागेश जागच्या जागी थांबला. वाकला. ड्रमला हात लावला, तो कपाळाला टेकवला, मग छातीला.

एवढ्यावर भागलं असतं. पण नागेश पुढच्या रांगेत होता.

जर्मनीत एर्लांगेनजवळच्या त्या गावातल्या ड्रम-बिगुल पथकाचा एकच नियम होता. पुढची रांग जे करील ते मागच्यांनी करायचं, आणि का ते नंतर बिअर पिताना विचारायचं. नियम पथकप्रमुख वाइडनर यांनी केलेला. कारण पथकात उरली होती जेमतेम डझनभर माणसं आणि त्यातल्या निम्म्यांना ऐकू कमी येई. तरुण म्हणावा असा एकटा नागेश, तोही चाळिशीला टेकलेला. कंपनीतून घरी जाताना तालमीचा आवाज ऐकून तो एकदा आत डोकावला आणि सापडला. दोन वर्षं झाली, गुरुवारची तालीम त्याने चुकवली नव्हती. आठवड्यातली तेवढी एक संध्याकाळ त्याला आपण परक्या गावात आहोत असं वाटत नसे.

आणि आता तेही संपायला आलं होतं. यंदाच्या जत्रेनंतर नवी मुलं आली नाहीत तर पथक बंद करायचं, असं वाइडनर यांनी ठरवून टाकलं होतं. मुलं येणार कुठून? नागेशची स्वतःची नऊ वर्षांची उर्जा यायला तयार नव्हती. बाबाच्या टोपीवरचं पांढरं पीस पाहून ‘पाइनलिश’ म्हणाली होती, म्हणजे लाज आणतोस. तिला काही पटवणं मोठं कठीण. पुस्तकाला पाय लागला की आई, वासंती, म्हणे, “नमस्कार कर.” उर्जा विचारी, “वारुम?” का म्हणून? पुस्तकाला कुठे दुखतं? यावर वासंती नागेशकडे बघे आणि नागेश खिडकीबाहेर. आजही मिरवणुकीत बाबा दिसू लागताच ती सॉसेजच्या गाडीमागे मैत्रिणींत जाऊन लपली होती.

तर नागेश वाकला, म्हणून त्याच्या रांगेतले वाकले. पुढची रांग वाकली, म्हणून मागची वाकली. ड्रमवाल्यांनी ड्रमला हात लावून कपाळाला लावला. बिगुलवाल्यांनी बिगुलच कपाळाला टेकवलं. ज्याची कंबर धरली होती तो झेपेल तेवढा वाकला. वाजवणं थांबलं तशी गर्दीही गप्प झाली. पाठीमागून येणाऱ्या अग्निशमन दलाने, बरं दिसतं म्हणून, टोप्या काढल्या.

मागे इतकी शांतता कशी, म्हणून सर्वांत पुढे चालणारे वाइडनर वळले. आपलं अख्खं पथक ओणवं झालेलं त्यांना दिसलं. त्यांना काही उमगलं नाही. पण नियम त्यांचाच होता. त्यांनी टोपी काढून हातातली काठी कपाळाला लावली, मग ती उंच केली, आणि बिगुलं पुन्हा वाजू लागली. फ्रांझने ड्रम लेकरासारखा उचलून घेतला. रस्ताभर टाळ्या पडत होत्या, पण त्या नागेशला ऐकू येत नव्हत्या. पथकाची शेवटची मिरवणूक आपण घालवली, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्याला रडू यायचं बाकी होतं.

जत्रेच्या मांडवात तो माफी मागायला गेला. वाइडनर यांनी त्याला खांदा धरून बाकावर बसवलं.

“आत्ता महापौर येऊन गेले,” ते म्हणाले. “ही प्रथा जुनी आहे का, विचारत होते.”

“मग?”

“हो म्हणालो. सकाळपासूनची आहे, एवढं नाही सांगितलं.” त्यांनी ग्लास पुढे सरकवला. “आता मला सांग, होतं काय ते?”

नागेशने सांगितलं. ज्यातून सूर निघतो त्याला पाय लागू द्यायचा नाही. लागलाच तर क्षमा मागायची. वाइडनर यांनी मान डोलावली.

“गेनाऊ, अगदी बरोबर,” ते म्हणाले. “ड्रम जमिनीवर टाकू नका म्हणून जन्मभर पोरांवर ओरडलो. हे आधी का नाही सांगितलंस?”

गुरुवारी नागेश तालमीला पोचला तेव्हा दारात सायकलींची गर्दी होती. आत पोरंच पोरं. सगळ्यांना वाजवायचं नंतर, आधी ते वाकणं शिकायचं होतं. वाइडनर त्यांना गंभीर चेहऱ्याने ‘आपली जुनी प्रथा’ शिकवत होते. दुसऱ्या रांगेत, मैत्रिणीच्या आडून, उर्जाही वाकत होती. नागेश दारातच उभा राहिला. त्याला आपल्या ड्रमकडे जायला जरा वेळ लागला.

शनिवारी तो धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन घाईघाईने बाल्कनीत निघाला होता. वाटेत उर्जाचा नवा ड्रम ठेवलेला. त्याला अंगठा लागला. दोन्ही हात अडकलेले, म्हणून नागेश तसाच पुढे गेला.

“बाबा, पाय लागला,” मागून उर्जाचा आवाज आला. “नमस्कार कर.”

स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं. वासंती दारात येऊन उभी राहिली. नागेशने टोपली खाली ठेवली. एवढी संधी तो कसा सोडणार?

“वारुम?” त्याने विचारलं.

“इथली जुनी प्रथा आहे ती, बाबा,” उर्जा जर्मनमध्ये म्हणाली. “तुला नाही कळायचं.”