पाणी चढलं तिथवर

हिरामणने जाळ्याची शेवटची दोरी खांबाला बांधली आणि तो शिडीवरून खाली उतरला. राहनाळच्या त्या गल्लीवर, डोक्याच्याही वर, या घरापासून समोरच्या घरापर्यंत, जाळं ताणलं गेलं. दोन हजार पाचच्या जुलैत पाणी तिथवर चढलं होतं. प्लॅस्टिकने रस्त्याखालची मोरी तुंबली, नाला उलटा गावात शिरला आणि हिरामणची सात वर्षांची मनाली त्याच्या हातातून सुटली. त्याला आज वर्ष झालं.

खाडीवर टाकायची जाळी हिरामण लहानपणापासून विणत आला होता. या वेळी त्याने सूत आणलं नाही. मोरीतून उपसलेल्या पिशव्या धुतल्या, उभ्या चिरल्या, पीळ दिला आणि त्यांचंच जाळं विणायला घेतलं. त्याची बायको बायजाबाई तिकडे बघायचीसुद्धा नाही. "पोर गेली न् तुमी जाली विनताव?" एवढंच एकदा म्हणाली होती.

पाऊस उघडला होता. माणसं गोळा झाली.

"मासं आता आभालातशी येतान काय, हिरामणदादा?" कुणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसले. धामणकर नाक्यावर कापडाचं दुकान असलेला दौलतही हसला. मग त्याची मान वरच राहिली. एका गाठीपाशी लाल अक्षरं होती. चिरली होती, तरी वाचता येत होती.

"ही त माजे दुकानची पिशवी हाय," तो हळू आवाजात म्हणाला.

एकेक जण मान वर करून वाचू लागला. मिठाईचं दुकान. खताचं दुकान. कुणाच्या तरी लग्नातली आहेराची पिशवी, त्यावर नवरा-नवरीची नावं. हसणं केव्हाच थांबलं होतं.

बायजाबाई उंबरा ओलांडून बाहेर आली. पूर आला त्या दिवशी ती माहेरी, पूर्णाला होती. परतली तेव्हा गल्लीत नुसता चिखल होता. पाणी किती होतं, हे तिने कुणाला विचारलं नव्हतं. ती जाळ्याखाली उभी राहिली. हात वर केला. टाचा उचलल्या. बोटं पोचली नाहीत.

"एवरं होतं पानी?"

"एवरंच."

तिने पदर खोचला आणि शिडी ओढून स्वतःच खांबाला लावली.

"जरा खाली घ्या," ती म्हणाली. "पोरीचा हात जाल्याला पुरंल एवरं."