भेगांचं बिस्किट

हेमलताची आवडती कादंबरी दुष्काळावरची होती. अंबाजोगाईच्या वाचनकट्ट्यात त्या कादंबरीवर कार्यक्रम ठरला, म्हणून हेमलतानं कादंबरीतल्या एकेका गोष्टीची बिस्किटं करायला घेतली. वाळकी बाभूळ जमली, रिकामी घागरही जमली. भेगाळलेलं रान मात्र काही केल्या जमेना. ओव्हनमधून ते गुळगुळीतच निघायचं.

बाहेर ओसरीत तिचे सासरे मोहनराव झोपाळ्यावर बसले होते. ते उपसा सिंचन सोसायटीचे चेअरमन. समोर धोंडीराम उभा होता. सोसायटीच्या निवडणुकीत त्यानं दुसऱ्या पॅनलचा प्रचार केला, तेव्हापासून त्याच्या रानाला पाण्याची पाळी आलीच नव्हती.

"मालक, समद्यांचं भिजलं, माझंच ऱ्हायलं. कावून असं?"

मोहनरावांनी त्याच्याकडे बघत झोपाळ्याला पायानं रेटा दिला. तेवढ्यात हेमलता ताट घेऊन बाहेर आली.

"मामा, बघा ना. सगळं झालं, पण या जमिनीला भेगाच पडत नाहीत."

स्वयंपाकघरात कधी पाऊल न टाकलेल्या मोहनरावांनी धोंडीरामवरची नजर न हलवता तिला सांगितलं,



"पाणी द्यायचं नाही, सूनबाई. आपोआप पडतात."