कोणी उतरलं नाही

“दार उघडलं होतं,” ती तिसऱ्यांदा म्हणाली. “त्यांनी रस्त्यातच गाडी थांबवली, वाकून पलीकडचं दार उघडलं, आणि कोणी उतरलंच नाही.”

हवालदारांनी मान वर केली नाही. तिच्याच व्हॅनच्या बॉनेटचं टेबल करून ते लिहीत होते. व्हॅन लॉन्ड्रीची होती. मागे इस्पितळाच्या चादरींचे गठ्ठे होते, ते धक्क्याने घसरून तिच्या सीटला येऊन टेकले होते. समोरच्या जुन्या गाडीचा मागचा एक दिवा फुटला होता आणि बंपर कोपऱ्यात चेपला होता. व्हॅनच्या नाकावर एक ओरखडा होता. कोणाला साधं खरचटलंही नव्हतं. म्हटलं तर काहीच झालं नव्हतं.

पण तिला नोकरीला लागून जेमतेम अडीच महिने झाले होते. तीन महिने गाडीला ओरखडा न आणता काढले तर कायम, नाहीतर घरी, असं मालकिणीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पंधरा वर्षं घर सांभाळल्यावर मिळालेली ही पहिली नोकरी. ती गाडी चालवणार हे ऐकून नवरा पोट धरून हसला होता. सासूबाई मात्र हसल्या नव्हत्या. त्या रोज सकाळी सहाला उठून तिचा डबा भरून देत होत्या. नवऱ्याचं हसणं परवडलं, पण संध्याकाळी त्यांना तोंड कसं दाखवायचं, हे तिला सुचत नव्हतं.

“ताई, पुढच्या गाडीला मागे डोळे नसतात,” हवालदार म्हणाले. “मागच्या गाडीला पुढे असतात. मागून ठोकलं की चूक मागच्याची. यात लिहायचं तरी काय एवढं?”

तिने पुन्हा सांगून पाहिलं. ती सावकाश येत होती, अंतरही ठेवलं होतं. पुढच्या गाडीने अचानक, विनाकारण ब्रेक मारला होता. साक्षीला मात्र कोणी नव्हतं. समोर शाळेचं फाटक होतं, पण शाळेला सुट्टी होती आणि फाटकाला कुलूप. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

त्यात भर म्हणजे समोरच्या गाडीतले म्हातारे गृहस्थ चौकातले चष्मेवाले निघाले. हवालदारांच्या नाकावरचा चष्मा त्यांनीच दिलेला. हवालदारांनी त्यांना कट्ट्यावर सावलीत बसवलं होतं, पाणी दिलं होतं आणि जबाबही त्यांचाच आधी घेतला होता. कुत्रं आडवं आलं म्हणून थांबलो, असं ते म्हणाले होते. दाराचं विचारल्यावर ‘नाही, बंदच होतं’ एवढं पुटपुटून ते आपल्या बुटांकडे बघत राहिले होते. त्यांचा शर्ट स्वच्छ होता, पण एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं.

“अख्ख्या पेठेला काकांनी दिसायला लावलं,” हवालदार म्हणाले, “आणि काकांना स्वतःच्या गाडीचं दार दिसलं नाही? ते तुम्हाला दिसलं, मागून? बरं, उघडलं तर उघडलं. मग उतरलं कोण?”

“कोणीच नाही.”

“मग उघडलं कशाला?”

ती एकदा त्या गाडीकडे आणि एकदा रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिली. कुत्रं तिला दिसलं नव्हतं. दार दिसलं होतं. पण आता ऐकून ऐकून तिचा तिलाच भरवसा वाटेना. तेवढ्यात इस्पितळातून फोन आला. चादरी कुठे आहेत, म्हणून तिकडचा माणूस खेकसत होता. तिने निमूटपणे ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

“नोकरी जाईल का तुमची?” कट्ट्यावरून चष्मेवाल्यांनी विचारलं. इतका वेळ ते तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

“जाईल,” ती म्हणाली. तिच्या आवाजात रागसुद्धा उरला नव्हता. मग तिने हवालदारांपुढे हात केला. “द्या कागद. मलाच काहीतरी भलतं दिसलं असेल. करते सही.”

हवालदारांनी कागद फिरवून तिच्यासमोर ठेवला. तिने पेन घेतलं.

“थांबा.” चष्मेवाले कट्ट्याला हात टेकून उठले. “या बाई खरं बोलतायत. कुत्रंबित्रं काही नव्हतं. दार मीच उघडलं.”

हवालदारांना आधी वाटलं, काकांना तिची दया आली. ते काही बोलणार, तेवढ्यात म्हातारबुवा स्वतःच सांगू लागले. गेल्या महिन्यात त्यांच्या हातून गॅस चालू राहिला होता. आणखी एकदा असा घोटाळा झाला, तर गाडीची किल्ली काढून घेईन आणि तुम्हाला माझ्याकडे नेईन, असं मुलीने बजावलं होतं. घर सोडायचं नव्हतं, म्हणून ते खोटं बोलले होते.

“माझी बायको या शाळेत शिकवायची,” ते म्हणाले. “सत्तावीस वर्षं रोज इथं सोडलं तिला. गेल्या थंडीत ती गेली. आज फाटक आलं आणि पाय आपोआप ब्रेकवर गेला.”

तिने पेन बॉनेटवर ठेवलं. हवालदारांनी कागद आपल्याकडे ओढला आणि लिहिलेल्या ओळींवर आडवी रेघ मारली. पुढे काय लिहावं, ते त्यांना कळेना. मग त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, “पण काका, मागची गाडी तुम्हाला दिसली नव्हती का?”

“दिसली ना,” चष्मेवाले म्हणाले. “म्हणून तर दार उघडून तिला म्हटलं, लवकर उतर गं, मागून गाडी येतेय.”