जाईचा पहिला घास

मंगळावरच्या वसाहतीत सगळ्यांचं जेवण शिरेतूनच जायचं. डॉक्टर वृंदा तोरस्करांच्या सहा वर्षांच्या जाईनं आजवर काही चावलंच नव्हतं. तिच्या यकृतात चरबी साठू लागली, तेव्हा वृंदानं प्रयोगशाळेतल्या उंदरांना तोच द्रव शिरेतून दिला. त्यांचीही यकृतं चरबीनं पिवळी पडली. एकाचंच लालसर राहिलं.

असं का, म्हणून तिनं त्याचं पोट तपासलं. आत लाकडाचा भुसा! पठ्ठ्यानं पिंजऱ्यातलं अंथरूणच खाल्लं होतं. म्हणजे आतड्यांनाच काम हवं होतं?

तिनं वसाहतीत बियाणं म्हणून जपलेल्या ज्वारीच्या लाह्या फोडल्या आणि एक जाईच्या जिभेवर ठेवली.

“आई, आता हिचं काय करू?”

“दातांनी चाव.”

जाईनं भीतभीत दात मिटले आणि डोळे विस्फारले.

“आई, डोक्यात वाजतंय! अजून दे ना!”