नऊ खंडांचा शब्द

"नववा खंड सगळ्यात जाडा दिसतोय," काका म्हणाले. "लेखकाला आवरणारं घरात कुणी नव्हतं वाटतं."

स्टुडिओतून आलेली तरुण इंजिनियर कसनुसं हसली. कादंबरीमालेचे नऊच्या नऊ खंड तिने जिने चढून आणले होते, ते काकूंसाठी. काकू घरी बसून पुस्तकं वाचायच्या आणि त्याचं रेकॉर्डिंग स्टुडिओला पाठवायच्या. त्यांच्या आवाजाशी तिची कित्येक वर्षांची ओळख होती. प्रत्यक्ष भेट आज पहिली. पण काकू खुर्चीत ताठ बसून नुसत्या हसत होत्या आणि खंड चाळत होते त्यांचे यजमान. गोष्ट कशी आहे हे बघायला नव्हे. पानावर ओळी किती, अक्षर किती बारीक, एवढंच.

"काकू, मालिका हाती घेतली की शेवटपर्यंत तोच आवाज लागतो," ती म्हणाली. "मागे एकाने मध्येच अंग काढून घेतलं. ऐकणाऱ्यांनी आम्हाला असं धारेवर धरलं की सगळं फेकून द्यावं लागलं. म्हणून साहेबांना आजच पक्कं हवंय. नाहीतर काम दुसऱ्याकडे जाईल."

"मला वाचायचीच आहे गं. कधीपासून डोक्यात आहे. पण ह्यांना विचार."

"वाचणार तर तुम्ही ना?"

"मीच. पण ह्यांनी हो म्हटल्याशिवाय माझं पान हलत नाही."

इंजिनियरच्या कपाळाला आठी पडली. एवढा आवाज, आणि त्याला परवानगी लागते!

"शिवाय ह्यांचा खांदा धरलाय," काकू म्हणाल्या. "डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय. नऊ खंड म्हणजे काही खेळ नाही."

खांदा काकांचा, वाचन काकूंचं. म्हणजे शेक द्यायला काकू मोकळ्या हव्यात, असा सरळ निष्कर्ष तिने काढला. दुसऱ्याच्या घरात तोंड उघडू नये हे तिला कळत होतं. तरी राहवेना.

"काका, आमच्याकडे नाटकातले कसलेले लोक वाचायला येतात. त्यांच्या रेकॉर्डिंगला मी दिवसभर कात्री लावत बसते. काकूंचं एक वाक्य कापावं लागत नाही, कुठे अडखळणं नाही. असा आवाज अडवून ठेवायचा?"

काका चिडले नाहीत. उलट त्यांची मान ताठ झाली.

"अडखळेल कशी? आमच्या घरात चुकीचं अक्षर सापडायचं नाही."

आमच्या घरात म्हणे! कौतुकातही वाटा हवाच.

"ऐकलंस? असे मिरवतात," काकू म्हणाल्या, पण त्याही खुशीत दिसल्या. "अहो, नीट विचार करा. मध्येच सोडता यायचं नाही."

"लग्नाला हो म्हणताना कुठे विचार केला होता?" काकांनी नववा खंड पुन्हा एकदा हातात तोलला. "नऊ तर नऊ. देऊन टाक शब्द."

"मग माझा होकार," काकू म्हणाल्या.

काकांनी पहिला खंड काखेत मारला आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

"मी जास्तच बोलले का? रुसले ते?"

"छे गं! कामाला लागले. तू चहा घे."

आतून टकटक ऐकू येऊ लागली. इंजिनियरने साहेबांना फोन करून होकार कळवला. तिकडून ते इतके खूश झाले की आत्ताच दोन ओळी ऐकवा म्हणून हट्ट धरून बसले.

"काकू, फोन चालू आहे. सुरुवात तेवढी वाचता?"

"वाचते की. येऊ दे."

दार उघडलं. काका खांदा चोळत बाहेर आले. त्यांच्या हातात एक जाड कागद होता. त्यावर शाईचा ठिपकाही नव्हता. होत्या त्या फक्त टोचून उठवलेल्या टिंबांच्या ओळी. त्यांनी तो काकूंच्या मांडीवर ठेवला आणि काकू त्यावर बोटं फिरवत वाचू लागल्या.